आतून कडी लागणारं दार

ब्रिटनमध्ये १९९२ साली कामाच्या जागांसाठी एक नियमावली आली. हवा किती खेळती असावी, उजेड किती असावा, पिण्याच्या पाण्याची सोय कशी असावी, असे तिचे विषय. तिचा विसावा नियम संडासांचा आहे. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या संडासांच्या खोल्या वेगळ्या हव्यात, असं तो सांगतो आणि लगेच एक सूट देतो. प्रत्येक संडास ही स्वतंत्र खोली असेल आणि तिच्या दाराला आतून कडी लावता येत असेल, तर वेगळेपणाची अट लागू नाही. मग ती खोली कोणीही वापरावी.

तीसेक वर्षं हा नियम कोणाच्या नजरेत भरला नव्हता. इमारती बांधणारे, त्या सांभाळणारे आणि तपासायला येणारे, एवढेच त्याचे वाचक. आता ब्रिटनच्या रोजगार न्यायाधिकरणांत तो पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि त्यातल्या ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांचा अर्थ काय, यावर दिवसचे दिवस युक्तिवाद होतात. ट्रान्स स्त्रीने, म्हणजे जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा अशी झाली आणि जी आज स्त्री म्हणून जगते तिने, कामाच्या ठिकाणी कोणतं दार उघडायचं? तिला स्त्रियांच्या दालनात जाण्याची मुभा देणारं धोरण एखाद्या रुग्णालयाने केलं आणि तिथल्याच एखाद्या नर्सने त्याला आव्हान दिलं, तर न्यायाधीश कशाच्या आधारावर निकाल देणार? या प्रश्नाच्या मागे जाऊ लागलं की दीडशे वर्षांचा एक विलक्षण रस्ता उघडत जातो, आणि त्या रस्त्याला एक वळण महाराष्ट्रातूनही आहे.

सुरुवात १८७५ पासून करू. त्या वर्षीच्या ब्रिटिश सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक कलम होतं. ज्या कारखान्यात स्त्रिया आणि पुरुष दोघंही काम करतात, तिथे दोघांच्या वेगळ्या वापरासाठी पुरेसे संडास बांधायला लावण्याचा अधिकार त्याने स्थानिक प्रशासनाला दिला. अधिकार होता, पण बघायला जाणार कोण? तपासनीस सगळे पुरुष. संडासाला दार नाही, तो पुरुषांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे, दिवसभर तिकडे जाताच येत नाही, हे कोणती कामगार बाई परक्या पुरुषाला सांगणार? १८९३ मध्ये मे एब्राहम आणि मेरी पॅटरसन या दोघी ब्रिटनच्या पहिल्या स्त्री कारखाना-तपासनीस म्हणून रुजू झाल्या. जे आजवर बोललं जात नव्हतं ते ऐकायला सरकारी अधिकारपत्र असलेली बाई आली, आणि ते सरकारी कागदावर उतरू लागलं. पुढे १९०३ च्या एका आदेशाने हिशेब पक्का केला : पंचवीस स्त्रियांमागे किमान एक संडास.

हा आकडा आपल्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ उघडा. तिथेही पंचवीस स्त्रियांमागे एक संडास. पुरुषांसाठीही शंभरापर्यंत पंचवीसामागे एक आणि त्यापुढे सवलत, ही रचना तशीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ठरलेलं एक प्रमाण साठ वर्षांनी इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्या बाईला लागू होतं, हे पाहून मी अवाक झाले. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं एकोणिसावं कलमही त्याच घराण्यातलं होतं : स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी वेगळी, बंदिस्त सोय.

या इतिहासाकडे घाईने पाहिलं तर तो निव्वळ लाजेचा आणि सभ्यतेचा इतिहास वाटेल. मला तो नोकरीचा इतिहास वाटतो. जिला आठ-दहा तास जायला जागा नाही, ती पाणी पिणं सोडते, आजारी पडते आणि शेवटी काम सोडते. स्वतःचं दार मिळालं तेव्हा स्त्रीला कारखान्यात टिकता आलं. म्हणून आज एखादी नर्स ‘ही खोली आमची आहे’ म्हणते तेव्हा तिच्या बोलण्याला क्षुल्लक समजणारे चुकतात. आणि नेमका हाच युक्तिवाद, एकही शब्द न बदलता, ट्रान्स कामगारालाही लागू पडतो. त्यालाही जायला जागा नसेल तर त्याचीही नोकरी नसते. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही पक्षांच्या हातात एकच इतिहास आहे. या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त थक्क करते.

आता कायद्याच्या दुसऱ्या प्रवाहाकडे येऊ. २००२ च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने गुडविन खटल्यात ब्रिटनला दोषी ठरवलं. ट्रान्स व्यक्तीच्या बदललेल्या ओळखीला कायदेशीर मान्यता न देणं हा तिच्या खासगी आयुष्याचा भंग आहे, असं न्यायालय म्हणालं. त्यातून २००४ चा लिंगओळख मान्यता कायदा झाला. त्यानुसार प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नाही. वैद्यकीय निदान आणि दोन वर्षं त्या ओळखीने जगल्याचा पुरावा लागतो. २०२४ पर्यंत साऱ्या ब्रिटनमध्ये असं प्रमाणपत्र घेतलेले लोक जेमतेम साडेआठ हजारांच्या आसपास होते.

त्यानंतर २०१० चा समता कायदा आला. ज्यांवरून भेदभाव करता येणार नाही अशा नऊ गोष्टी त्याने मोजून सांगितल्या. त्यात ‘लिंग’ आहे आणि ‘लिंगबदल’ ही वेगळी बाब म्हणूनही आहे. या दुसऱ्या संरक्षणासाठी प्रमाणपत्र लागत नाही, ऑपरेशन लागत नाही. बदलाच्या वाटेवर निघण्याचा इरादा असला तरी पुरे. त्यातच, २००४ च्या कायद्यानुसार, अधिकृत कामाच्या ओघात कोणाच्या प्रमाणपत्राची माहिती मिळाली आणि ती उघड केली तर तो गुन्हा ठरू शकतो. मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने काय करायचं? प्रमाणपत्र मागायची सोय नाही, न मागता कळायची शक्यता नाही. अशा पेचात बहुतेक मोठ्या आस्थापनांनी सरळ वाट धरली आणि ज्या ओळखीने तुम्ही जगता त्या ओळखीच्या सोयी वापरा, असं धोरण लिहून टाकलं. यामागे सद्भावना होती. भीतीही होती, आणि ती निराधार नव्हती. २०२० मध्ये जग्वार लँड रोव्हरच्या एका अभियंत्याने खटला जिंकला. सहकाऱ्यांची टोमणेबाजी आणि शिवीगाळ झाली, कोणता संडास वापरायचा यावर धड उत्तर मिळालं नाही, अपंगांसाठीचा वापरा असं सुचवलं गेलं. कंपनीला एक लाख ऐंशी हजार पौंड द्यावे लागले.

या धोरणांना छेद देणारा एक जुना निकाल मात्र फारसा कोणी वाचला नव्हता. २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर रॉयल मेलचं प्रकरण आलं. तिथल्या एका ट्रान्स कर्मचारी स्त्रीला शस्त्रक्रियेआधीच्या काळात स्त्रियांच्या संडासाऐवजी अपंगांसाठीचा स्वतंत्र संडास वापरायला सांगितलं होतं. हा भेदभाव नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मालकाने परिस्थिती पाहून मधल्या काळासाठी सोय करावी, पण ती कायमची तोड मानू नये, असा त्या निकालाचा कल होता. तेव्हा २०१० चा कायदा नव्हता, त्यामुळे पुढच्या धोरणकर्त्यांना तो जुन्या जमान्यातला वाटला असावा.

२०२१ मध्ये आणखी एक धागा विणला गेला. माणसाचं लिंग जैविक असतं आणि ते बदलत नाही, या मतालाही समता कायद्याचं संरक्षण आहे, असं रोजगार अपील न्यायाधिकरणाने फॉरस्टेटर प्रकरणात सांगितलं. मत बाळगण्याला संरक्षण. कोणाचा छळ करण्याला नव्हे. आता चित्र बघा. एका खोलीत दोन कर्मचारी उभ्या आहेत. एकीच्या ओळखीला कायद्याने जपलं आहे, दुसरीच्या लिंगाला आणि मतालाही त्याच कायद्याने जपलं आहे. दोघींपैकी कोणालाही अपमानित वाटेल असं वातावरण मालकाने निर्माण करायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. असा कायदा लिहिणाऱ्यांना हा प्रसंग दिसला होता का? मला वाटतं, नव्हता.

मग १६ एप्रिल २०२५ उजाडला. त्या दिवशी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाचा उगम संडासात नव्हता, कपडे बदलायच्या खोलीतही नव्हता. स्कॉटलंडच्या संसदेने २०१८ मध्ये सरकारी मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा केला होता. त्या स्त्रियांत प्रमाणपत्रधारक ट्रान्स स्त्रिया मोजायच्या का, यावर ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ ही संस्था सरकारशी भांडत होती. पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की २०१० च्या समता कायद्यात स्त्री म्हणजे जैविक स्त्री, आणि २००४ चं प्रमाणपत्र त्यात फरक करत नाही.

निकाल ८८ पानांचा आहे आणि त्यातली एक तर्कमालिका वाचताना मी थबकले. न्यायालयाने गरोदरपणाच्या तरतुदींकडे बोट दाखवलं. कायदा म्हणतो, गरोदर स्त्रीशी भेदभाव करू नका. आता एक ट्रान्स पुरुष घ्या, जन्माने स्त्री, हातात पुरुषत्वाचं प्रमाणपत्र. तो गरोदर राहू शकतो. प्रमाणपत्रावरचं लिंग हेच कायद्यातलं लिंग मानलं, तर हा माणूस कायद्यापुरता पुरुष ठरेल आणि गरोदरपणाचं संरक्षण गमावून बसेल. म्हणजे ज्याच्या हक्कासाठी प्रमाणपत्र काढलं त्याचंच नुकसान. एका ट्रान्स माणसाच्या पोटातल्या बाळाचा विचार करून न्यायालय ज्या उत्तराशी पोहोचलं, ते उत्तर अनेक ट्रान्स लोकांना दार बंद झाल्यासारखं वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत. ट्रान्स लोकांचं भेदभावापासूनचं संरक्षण कायम आहे, हेही त्यात ठळकपणे लिहिलं आहे. निकालाचा सारांश वाचताना न्यायाधीश लॉर्ड हॉज यांनी हा एका गटाचा दुसऱ्या गटावरचा विजय समजू नका, असं बजावलं. बाहेर शँपेनच्या बाटल्या फुटल्या आणि दुसरीकडे निषेधाचे मोर्चे निघाले.

पण हा निकाल २०१० च्या कायद्यापुरता. १९९२ च्या नियमावलीतल्या ‘पुरुष आणि स्त्री’ यांचं काय? आणि तिथे पोहोचल्यावर जी बारीक गोष्ट दिसते, तिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

संडासाच्या नियमाला कडीची सूट आहे. कपडे बदलायच्या खोलीचा नियम चोविसावा. त्यात ही सूट नाही. गणवेश चढवावा लागतो आणि दुसऱ्यांसमोर कपडे काढणं शिष्टतेला धरून नाही अशा ठिकाणी स्त्री-पुरुषांसाठी वेगळी खोली हवी, किंवा एकाच खोलीचा आळीपाळीने वेगळा वापर हवा, एवढंच तो म्हणतो. याचं कारण अशा खोल्यांच्या बांधणीत आहे. लॉकरच्या रांगा, मधे बाकडी, सगळं उघडं. तिथे प्रत्येकीला स्वतःची कडी नसते. म्हणूनच सर्वांत कडवट खटले रुग्णालयांतून आले. नर्सला कामाच्या पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी कपडे बदलावेच लागतात. घरून गणवेश घालून येणं अनेक ठिकाणी चालत नाही. ऑफिसातला कारकून मनाजोगं दार शोधत दुसऱ्या मजल्यावर जाऊ शकतो. तातडीच्या विभागातल्या नर्सला तेवढी फुरसत कुठली?

स्कॉटलंडच्या कर्कॉल्डी गावातल्या व्हिक्टोरिया रुग्णालयात २०२३ च्या नाताळच्या आदल्या रात्री अशीच एक अनुभवी नर्स मासिक पाळीच्या त्रासामुळे कपडे बदलायला गेली. तिथे एक ट्रान्स स्त्री डॉक्टर होती. वाद झाला. डॉक्टरने तक्रार केली, नर्सला निलंबित केलं गेलं, नर्सने आरोग्य मंडळावर म्हणजे एनएचएस फाइफवर आणि डॉक्टरवरही खटला भरला. डिसेंबर २०२५ मध्ये आलेला निकाल तीनशे पानांहून मोठा. मंडळाने नर्सचा छळ केला, हे काही मुद्द्यांवर मान्य झालं : तिने तक्रार केल्यावरही तात्पुरती वेगळी व्यवस्था केली नाही, चौकशी लांबवली. पण तिचे बाकीचे दावे फेटाळले गेले आणि डॉक्टरविरुद्धचेही फेटाळले गेले. त्याच महिन्यात एडिनबरोत लिओनार्दो या विमान-संरक्षण कंपनीतल्या एका कर्मचारी स्त्रीचा दावा नामंजूर झाला. तिथे प्रश्न संडासांचा होता. जानेवारी २०२६ मध्ये डार्लिंग्टनच्या रुग्णालयातल्या नर्सेस जिंकल्या. तिथे पुन्हा कपडे बदलायची खोली.

न्यायाधिकरणांचे हे निकाल एकमेकांवर बंधनकारक नसतात, आणि त्यांची कारणंही वेगवेगळी आहेत. त्यामुळे कपडे बदलायच्या खोल्यांत मालक हरले आणि संडासांत जिंकले, असा सरळ नियम त्यांतून काढता येणार नाही. तरीही वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. न्यायाधीश ‘स्त्री म्हणजे कोण’ या प्रश्नाइतकंच बारकाईने दुसरं काहीतरी तपासतात. खोलीत पडदे होते का? दुसरी खोली किती पावलांवर होती? तक्रार आल्यावर वरिष्ठाने कोणाशी बोलायला हवं होतं आणि तो कोणाशी बोलला? धोरण लिहिताना ज्या बायका ती खोली रोज वापरतात त्यांना कोणी विचारलं होतं का?

माझं मत स्पष्ट सांगते. फाइफमधली ती नर्स आणि ती डॉक्टर, दोघींनाही त्या खोलीत एका तिसऱ्याने पाठवलं होतं, आणि तो तिसरा त्या रात्री तिथे नव्हता. डॉक्टरला मुभा मिळाली होती. तिने ती वापरली. नर्सला तिची खोली फक्त स्त्रियांची आहे असं वर्षानुवर्षं सांगितलं होतं. तिने ते खरं मानलं. चोविसावा नियम वाचून, दोन पडदे लावून, एक छोटी खोली रिकामी करून देणं ज्यांचं काम होतं, त्यांनी धोरणाचा कागद काढला आणि काम झालं असं मानलं. या दोघींची नावं वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने छापली गेली. म्हणून मी ती इथे घेत नाही.

ट्रान्स कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ‘वेगळी खोली वापर’ हे उत्तरही दिसतं तितकं सोपं नाही. बाकी सगळ्या बायका डावीकडे वळतात आणि एक जण रोज उजवीकडे जिना चढते, तेव्हा तिची खासगी गोष्ट रोज सगळ्यांसमोर जाहीर होते. ट्रान्स पुरुषाची अडचण आणखी गुंतागुंतीची आहे. दाढी राखलेला, भारदस्त आवाजाचा माणूस जैविक लिंगाच्या हिशेबाने स्त्रियांच्या दालनात गेला तर तिथल्या स्त्रिया घाबरणारच. अशा माणसाला तिथूनही वगळता येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः नमूद केलं आहे. मग त्याने जायचं कुठे? त्याला कोणतंच दार उरत नसेल, तर १८७५ च्या गिरणीतल्या बाईच्या जागी आज तो उभा आहे.

इथे पुन्हा ती कडी कामाला येते. छताला भिडणाऱ्या चार भिंती, आत बेसिन, आतून कडी. अशी खोली असली की आत कोण जातंय हे विचारण्याची गरज कायद्यालाही उरत नाही. १९९२ च्या नियमांसोबतच्या मार्गदर्शिकेत तक्ता आहे : पाच माणसांपर्यंत एक संडास, पंचवीसपर्यंत दोन, पन्नासपर्यंत तीन. छोट्या कचेरीत असे तीन पूर्ण बंद संडास बांधले तर तिथे हा वाद जन्मालाच येत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून नव्या सार्वजनिक आणि व्यावसायिक इमारतींसाठी बांधकाम नियमांत याचे तपशील आले : स्त्री-पुरुषांसाठी वेगळी सोय हवीच, जागा असेल तर शिवाय कोणालाही वापरता येतील असे पूर्ण बंद संडास, आणि वेगळ्या सोयीला जागाच नसेल तिथे फक्त असे बंद संडास. खाली-वर फट असलेलं पार्टिशन आणि पूर्ण भिंत यांत कायद्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. वास्तुरचनाकाराच्या नकाशावर ही फक्त एका रेषेची लांबी असते. अर्थात जुनी इस्पितळं पाडून बांधता येत नाहीत आणि भिंतींना पैसे लागतात. शिवाय अनेक स्त्रियांना एकमेकींच्या सोबतीची, आरशासमोर गप्पांची, अडल्यानडल्याला पॅड मागण्याची जी सामाईक जागा हवी असते, ती एकेकट्या खोल्यांनी भरून निघत नाही. ही मागणीही खरी आहे.

आणि आता ते महाराष्ट्रातून जाणारं वळण. आपल्या संसदेने २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता मंजूर केली. १९४८ चा कारखाने कायदा तिच्यात सामावला आहे. जुन्या कलमात पुरुष आणि स्त्री असे दोन शब्द होते. नव्या संहितेत संडास-मुताऱ्यांच्या सोयीत पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर कर्मचारी असे तिघं आहेत, आणि सोय ‘वेगवेगळी’ असावी असं म्हटलं आहे. न्हाणीघरं आणि लॉकरच्या खोल्यांबाबतही तेच तिघं. ब्रिटनमध्ये ज्या दोन शब्दांवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली, तिथे आपल्या कायद्याने तिसरा शब्द आधीच लिहून ठेवला आहे. फारसा गाजावाजा न होता.

यानेही सगळं सुटत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तीला स्वतःची ओळख पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी म्हणून ठरवण्याचा हक्क दिला. मग जी स्वतःला स्त्री म्हणवते, कागदोपत्रीही स्त्री आहे, ती कारखान्यात स्त्रियांच्या खोलीत जाईल की तिसऱ्या? संहितेत याचं उत्तर नाही. पुण्याच्या एखाद्या आयटी कंपनीत किंवा चाकणच्या कारखान्यात हा प्रश्न कधीतरी प्रत्यक्ष उभा राहील, तेव्हा कोणीतरी १९६३ चे नियम आणि २०२० ची संहिता शेजारी-शेजारी ठेवून वाचायला बसेल. त्या वेळी बिल्डिंगचा नकाशाही टेबलावर असावा. आणि ती खोली रोज वापरणाऱ्या, स्त्रिया असोत की ट्रान्स कर्मचारी, सगळ्यांना त्या टेबलाशी आधी बोलावलेलं असावं.